गृहसंकुलांतील चौक : जमीन, सावली आणि पाणी

शहरातील गृहसंकुलांच्या इमारतींमध्ये राखलेली मोकळी जागा चौक, अंगण, पटांगण, मैदान अशा अनेक नावांनी ओळखली जाते. नगररचनेच्या नियमांनुसार ती ठेवणे बंधनकारक असते. तिचे क्षेत्रफळ नकाशावर दाखविले जाते आणि बांधकामास परवानगी देताना तपासलेही जाते. त्या जागेत सावली कुठे पडेल, पावसाचे पाणी कोठे मुरेल, झाडाच्या मुळांना किती माती मिळेल आणि लहान मूल वाहनाच्या वाटेत न येता कसे खेळेल, हे प्रश्न मात्र क्षेत्रफळाच्या आकड्यातून सुटत नाहीत. भूदृश्यरचना, म्हणजेच लँडस्केप आर्किटेक्चर, या शाखेचे काम येथून सुरू होते. मुंबई, पुणे आणि दिल्लीसह अनेक शहरांत जुन्या वसाहतींचा पुनर्विकास सुरू असून चार मजली इमारतींच्या जागी चाळीस मजली मनोरे उभे राहत आहेत. त्यामुळे या मोकळ्या जागेचे स्वरूप झपाट्याने बदलत आहे.

वाडा, पोळ आणि चाळ

भारतीय घरबांधणीत चौक नवा नाही. पेशवेकालीन पुण्यातील वाड्यांची रचनाच चौकाभोवती होत असे. बाहेरचा चौक कारभारासाठी व पाहुण्यांसाठी, तर आतील चौक घरच्या माणसांसाठी असे. उजेड, वारा आणि पावसाचे पाणी हे तिन्ही चौकातूनच घरात येत. अहमदाबादच्या पोळींमध्ये अरुंद गल्ली मध्येच रुंदावून छोटा चौक तयार होतो आणि त्यात पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी खांबावर उभारलेला चबुतरा असतो. केरळमधील नालुकेट्टु घराच्या मधोमध असलेले नडुमुट्टम हे अंगणही याच जातीचे.

कुटुंबाचा चौक अनेक कुटुंबांचा झाला तो मुंबईच्या चाळींमध्ये. खोली एक, पण व्हरांडा आणि पटांगण सर्वांचे, अशी ही व्यवस्था होती. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. मांडवाला जागा देणारे सामायिक पटांगण नसते तर हा उत्सव चाळींतून एवढा फैलावला असता का, याविषयी शंकाच आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, परळ आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्यांत दाटीने राहणाऱ्या कुटुंबांना इमारतींमधील रिकाम्या पट्ट्यांनी मोठाच आधार दिला. वरळीच्या चाळींलगतचे जांबोरी मैदान आजही सभा, क्रीडास्पर्धा आणि दहीहंडीसाठी ओळखले जाते. त्या पट्ट्यांची रचना कोणी कौशल्याने केली होती असे नाही. दोन इमारतींमध्ये हवा खेळावी एवढाच हेतू होता. रहिवाशांनी त्यांचे अंगण केले.

युरोपात याच सुमारास व्हिएन्ना नगरपालिकेने कामगारांसाठी उभारलेल्या वसाहतींत अंगणालाच केंद्रस्थान दिले होते. वास्तुविशारद कार्ल एन यांनी आराखडा केलेले कार्ल मार्क्स होफ हे संकुल १९३० मध्ये पूर्ण झाले. त्याची लांबी एक किलोमीटरहून अधिक असून त्यात सुमारे १,४०० घरे आहेत. तरीही एकूण भूखंडाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी जागेवर प्रत्यक्ष बांधकाम आहे. उरलेल्या जागेत बागा, खेळाची मैदाने, बालवाड्या आणि सामायिक धुणीघरे यांची योजना करण्यात आली होती.

दिल्लीत लोधी कॉलनी ही ब्रिटिश राजवटीच्या अखेरच्या वर्षांत बांधलेली सरकारी वसाहत. उंच कमानीतून आत गेल्यावर हिरवळीचे प्रशस्त चौक लागतात. चंदीगडमध्ये सुमारे ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब अशा प्रत्येक सेक्टरमधून हिरवा पट्टा नेण्यात आला. तेथील वृक्षांच्या निवडीत मोहिंदरसिंग रंधावा या वनस्पतिप्रेमी प्रशासकाचा मोठा वाटा होता. मुंबईत दादर-माटुंगा परिसराची आखणी बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने केली. मंचेरजी जोशी यांच्या पुढाकाराने वसलेली दादर पारशी कॉलनी आणि तिच्यातील पाच उद्याने आजही शहरातील उत्तम निवासी मोकळ्या जागांमध्ये गणली जातात.

बेलापूरचा प्रयोग

स्वातंत्र्योत्तर भारतात चौकाचा सर्वांत नेमका विचार झाला तो नवी मुंबईत. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी सीबीडी बेलापूर येथे १९८३ ते १९८६ या काळात सुमारे साडेपाचशे कुटुंबांची वसाहत आखली. आर्टिस्ट्स व्हिलेज या नावाने ती परिचित आहे. उंच इमारती न बांधताही हेक्टरी सुमारे ५०० माणसांची घनता गाठता येते, हे कोरिया यांना दाखवून द्यायचे होते.

या आराखड्यातील मापे मुळातून समजून घेण्यासारखी आहेत. सात घरे एका लहान चौकाभोवती बसविली आहेत. हा चौक सुमारे ८ मीटर लांब व तेवढाच रुंद आहे. असे तीन गट एकत्र आले की २१ घरे होतात आणि त्यांच्यामध्ये सुमारे १२ मीटर बाजूचा दुसरा चौक येतो. अशा तीन मोठ्या गटांना मिळून सुमारे २० मीटर बाजूचा तिसरा चौक आहे. ही साखळी पुढे शाळा, बाजार आणि वसाहतीच्या मुख्य मोकळ्या जागेपर्यंत जाते. मधून पावसाळी ओढा वाहतो.

आठ मीटरच्या चौकात दारात उभे राहून समोरच्या घरातील माणसाशी आवाज न चढविता बोलता येते. तान्ह्या मुलाला तेथे निर्धास्तपणे सोडता येते, कारण येणारा प्रत्येक माणूस सात घरांपैकी कोणाच्या तरी ओळखीचा असतो. वीस मीटरच्या चौकात चेहरा ओळखू येतो, पण बोलण्यासाठी जवळ जावे लागते. तेथे क्रिकेट होते, लग्नाचा मांडव पडतो. डेन्मार्कचे नगररचनाकार यान गेल यांनी सार्वजनिक जागांच्या अभ्यासातून मांडलेली अंतरेही याच्याशी जुळतात. सुमारे २० ते २५ मीटरपर्यंत समोरच्या व्यक्तीच्या चेहऱ्यावरील भाव वाचता येतात आणि शंभर मीटरच्या आसपास ती केवळ एक आकृती उरते. आज अनेक संकुलांत दिसणारे शंभर-दीडशे मीटर लांबीचे 'सेंट्रल लॉन' छायाचित्रात भव्य वाटते. प्रत्यक्षात संध्याकाळी माणसे त्याच्या कडेकडेने फिरताना दिसतात, याचे कारण या अंतरांत शोधता येते.

उबदार हवामानात आकाशाखालची जागा ही खोलीइतकीच उपयोगाची असते, हे कोरिया यांचे आग्रही प्रतिपादन होते. गरीब कुटुंबाला दोन खोल्यांच्या जोडीला अंगण मिळाले तर वर्षातील बराच काळ त्याची तिसरी खोली होते. घरातील खासगी अंगण, दाराची पायरी, पाणवठा किंवा नळाची जागा आणि शेवटी मैदान अशी चार पायऱ्यांची उतरंड त्यांनी मांडली. यातील एक पायरी कमी पडली तर तिचा भार उरलेल्यांवर येतो. घरे लहान असतील तर चौक अधिक चांगला हवा, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो. प्रचलित पद्धत नेमकी याच्या उलट आहे. लहान घरांच्या प्रकल्पांतच मोकळी जागा सर्वांत आधी आक्रसते.

बेलापूरच्या घरांना सामायिक भिंती नाहीत. कुटुंबाच्या गरजेनुसार व ऐपतीनुसार घर वाढविता यावे, हा त्यामागील उद्देश होता. गेल्या चार दशकांत रहिवाशांनी या सवलतीचा पुरेपूर लाभ घेतला. उतरत्या कौलारू छपरांची अनेक मूळ घरे जाऊन त्यांच्या जागी दोन-तीन मजली पक्की घरे आली. वास्तुकलेच्या अभ्यासकांना याची हळहळ वाटते. त्या घरांच्या मधले चौक मात्र मोठ्या प्रमाणावर टिकून आहेत. घरे बदलली आणि मोकळी जागा राहिली, ही गोष्ट प्रयोगाचे अपयश मानण्यापेक्षा त्याचा सर्वांत मोठा निष्कर्ष मानणे अधिक योग्य ठरेल.

इंदूर आणि दिल्ली

बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरमध्ये आखलेली अरण्य वसाहत सुमारे ८५ हेक्टरवर पसरली असून तिच्यात साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड आहेत. जोते, शौचालय आणि नळ एवढे मिळालेले कुटुंब पुढचे घर स्वतः बांधते. ओटा, जिना आणि गच्ची रस्त्याच्या बाजूला ठेवल्याने येथील लहान गल्ल्याच अंगणासारख्या वापरल्या जातात. या वसाहतीला १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

दिल्लीत राज रेवाल यांनी १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले एशियाड व्हिलेज जैसलमेरसारख्या जुन्या शहरांच्या गल्ली-चौकांवरून सुचले. सुमारे ७०० घरांच्या या संकुलात मोटारी परिघावर थांबतात आणि आतील चौकांची मालिका पादचाऱ्यांसाठी राखीव आहे. एका चौकातून दुसऱ्यात जाताना वर कमान किंवा सज्जा येतो आणि उन्हात चालणाऱ्याला क्षणभर सावली मिळते. दिल्लीतीलच यमुना अपार्टमेंट्स आणि कोरिया यांचे तारा ग्रुप हाउसिंग हे १९७० च्या दशकातील सहकारी संकुलही मोटार बाहेर व माणसे आत, याच तत्त्वावर आखलेले आहे.

उन्हाचे गणित

चौकाची रुंदी आणि भोवतालच्या इमारतींची उंची यांचे प्रमाण हा या शास्त्रातील जुना विषय आहे. व्हिएन्नाचे कामिलो झिटे यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात युरोपातील जुन्या चौकांचा या दृष्टीने अभ्यास केला होता. परंतु युरोपातील प्रमाणे भारतात जशीच्या तशी चालत नाहीत, कारण तेथे चौकात ऊन आणायचे असते आणि येथे बहुतेक महिने ते अडवायचे असते.

मुंबईच्या अक्षांशावर मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या वेळी इमारतीची सावली मिळतच नाही. झाड किंवा मांडव हाच उपाय उरतो. दिल्लीत डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ३८ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेकडील १२ मीटर उंचीच्या चार मजली इमारतीची सावली सुमारे १५ मीटर पडते. चौक त्याहून अरुंद असेल तर थंडीत तेथे ऊन पोहोचणार नाही आणि दिल्लीतील ज्येष्ठ नागरिकांचा हिवाळ्यातील ऊन खाण्याचा कार्यक्रम रस्त्यावर होईल. १२० मीटर उंचीच्या मनोऱ्याची सावली याच हिशेबाने दीडशे मीटरहून लांब होते. मुंबईत त्याच दिवशी ती सुमारे ११० मीटर असते. पुनर्विकासानंतर चौकाचे क्षेत्रफळ तेवढेच राहिले असे सांगितले जाते, तेव्हा हा हिशेब सहसा सांगितला जात नाही.

पानगळीच्या झाडांचा उपयोग येथे होतो. उत्तर भारतात तुती किंवा बकाणा निंब थंडीत पाने टाकून ऊन खाली सोडतात आणि उन्हाळ्यापूर्वी पुन्हा हिरवे होतात. महाराष्ट्रात करंज, बकुळ, बहावा, कांचन, आपटा आणि राज्यपुष्प असलेला तामण ही झाडे मध्यम चौकाला साजेशी आहेत. वड-पिंपळाला पार हवा आणि पाराला मोठे मैदान. इमारतीच्या पायाजवळ ते लावणे धोक्याचे. मूळ मादागास्करचा गुलमोहर दिसायला देखणा असला तरी वादळी वाऱ्यात त्याच्या फांद्या सहज मोडतात. मनोऱ्यांच्या जाहिरातींत हटकून दिसणारा बॉटल पाम सावलीच्या दृष्टीने खांबापेक्षा फारसा वेगळा नाही. झटपट हिरवी भिंत उभी करणाऱ्या कोनोकार्पस या झाडाच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली.

माती किती खोल?

झाडाची निवड कितीही विचारपूर्वक केली तरी त्याला माती लागते. हिरवळीला सुमारे ३० सेंटिमीटर, झुडपांना ६० सेंटिमीटर आणि मध्यम आकाराच्या वृक्षाला किमान सव्वा ते दीड मीटर खोलीची माती लागते, असे व्यवहारात धरले जाते. जमिनीवर हा प्रश्न येत नाही. वाहनतळाच्या छतावर, म्हणजे पोडियमवर, बाग केली की तो येतो. ओल्या मातीचे वजन घनमीटरला साधारण १,६०० ते २,००० किलो असते. घराच्या जमिनीवर माणसे व सामान यांचा भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरला जातो. म्हणजे एक मीटर मातीचा थर हा त्याच्या आठ ते दहा पट भार झाला. हा खर्च टाळण्यासाठी मातीचा थर पातळ ठेवला जातो आणि पोडियमवर हिरवळ, झुडपे व कुंड्यांपलीकडे काही उभे राहत नाही. अग्निशमन वाहनाला इमारतीपर्यंत पोहोचण्यासाठी राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सहा मीटर रुंदीची टणक वाट मोकळी ठेवावी लागते, ती वेगळीच.

जमिनीवरील झाडांनाही दुसरा धोका असतो. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट बसविल्याने मुळांना हवा व पाणी मिळत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटरच्या परिघातील काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला होता.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. १,००० चौरस मीटरच्या चौकावर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर एक लाख लिटर पाणी पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदविला गेला. अशा एका चौकावर त्या दिवशी सुमारे साडेनऊ लाख लिटर पाणी पडले असणार. काँक्रीटचा पृष्ठभाग त्यातील बहुतांश पाणी गटारात लोटतो. हिरवळ आणि मोकळी माती मात्र सामान्य पावसातील मोठा वाटा मुरवून घेते. चौकाला शंभरास एक एवढा अलगद उतार देऊन मधला भाग किंचित खोलगट ठेवला, की पावसाळ्यात काही तास तळे आणि एरवी मैदान अशी दुहेरी सोय होते. डास होऊ नयेत म्हणून हे पाणी दिवसभरात मुरेल किंवा वाहून जाईल, याची काळजी घ्यावी लागते.

नियम आणि न्यायालये

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनुसार भूखंडाच्या आकारानुसार १५, २० किंवा २५ टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवणे बंधनकारक होते. ही जागा पोडियमवर दाखविता येईल काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मुंबई महानगरपालिका विरुद्ध कोहिनूर सीटीएनएल या प्रकरणात डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला. किमान मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे आणि पोडियमवरील बाग ही त्याव्यतिरिक्त असू शकेल, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. पुढे २०१८ मध्ये लागू झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये मध्यममार्ग स्वीकारण्यात आला. आवश्यक मोकळ्या जागेपैकी किमान ६० टक्के जमिनीवर आणि त्यातील निम्मी नैसर्गिक मातीवर असावी, उरलेली ४० टक्के पोडियमवर चालेल, अशी तरतूद करण्यात आली. महाराष्ट्राच्या बहुतांश इतर शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकीकृत नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते.

चौकाचे मालक कोण, हा प्रश्न घर घेणाऱ्यांच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा आहे. इमारतीखालील व मोकळ्या जागेतील वाहनतळ विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात दिला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, उद्याने, खेळाची जागा आणि मोकळा वाहनतळ यांचा समावेश सामायिक क्षेत्रात केला आहे. मंजूर आराखड्यात बदल करण्यासाठी दोन तृतीयांश घरधारकांची लेखी संमती आवश्यक असते. त्यामुळे नोंदणीच्या वेळी केवळ घराचा नकाशा न पाहता संपूर्ण भूखंडाचा मंजूर नकाशा पाहणे आणि मोकळी जागा जमिनीवर आहे की छतावर हे तपासणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.

चौक कोणाचा?

कागदावर सर्वांचा असलेला चौक प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येतो, हे लहानसहान गोष्टींवर ठरते. सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीच्या कट्ट्यावर कोणीही बसू शकते. मात्र वृद्धांना उठण्यासाठी पाठ व हात असलेले बाक लागतात. पायऱ्यांशेजारी बाराला एक या उताराचा रॅम्प नसेल तर चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी बाहेरच राहते. स्वयंपाकघराची खिडकी चौकावर उघडत असेल तर खेळणाऱ्या मुलांवर आपोआप लक्ष राहते. चौकाकडे नुसत्या कोऱ्या भिंती असतील तर सुरक्षारक्षक व कॅमेरे लावूनही ती जागा संध्याकाळनंतर ओस पडते. मोठ्या मुलांना चेंडू खेळण्यासाठी वेगळी जागा न दिल्यास ती लहानांच्या झोपाळ्यांपाशी खेळतात आणि मग 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे' असा फलक लागतो.

मोटार हा चौकाचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी आहे. जुन्या चार मजली सोसायट्यांत पटांगणाचे वाहनतळ होण्यास वीस वर्षेही लागली नाहीत. पुनर्विकासाला रहिवासी राजी होतात, त्यामागे मोठ्या घराबरोबर वाहनासाठी जागा मिळण्याची आशाही असते.

दिल्लीत सरोजिनी नगर, नौरोजी नगर, नेताजी नगर यांसह सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासासाठी हजारो झाडे तोडली जाणार असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. नागरिक रस्त्यावर उतरले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोडीला स्थगिती दिली. ही बहुतेक झाडे कोणत्याही जंगलातील नव्हती, तर दोन-तीन मजली सरकारी घरांच्या मधल्या चौकांत वाढलेली होती. मुंबईत बीडीडी चाळींच्या जागी म्हाडा सुमारे चाळीस मजली इमारती उभारत आहे. वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. घर तिपटीने मोठे झाले आहे. व्हरांड्यातून दिसणारे पटांगण मात्र आता उद्वाहनाने खाली उतरून गाठावे लागते.